जुन्या पॉइंटवर नवा ४.५ किलोवॉटचा गिझर: आधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या इमारतीतला फ्लॅट. बाथरूममधला १५ लिटरचा, २ किलोवॉटचा स्टोरेज गिझर गळायला लागलाय. त्याच्या जागी ३ लिटरचा, ४.५ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, जुन्याच पॉइंटवर चालेल. प्लंबर म्हणतो, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की ओला हात नळाला लागला की अधूनमधून झिणझिण्या येतात.

आधी त्या झिणझिण्यांचं बोलू. तुम्ही ते वाक्य शेवटी टाकलंत, पण सगळ्या प्रश्नात काळजीची गोष्ट तीच आहे. कारण सापडेपर्यंत गिझर बंद ठेवा. नुसता स्विच बंद नको, त्याचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा पेटीतला स्विच) खाली पाडा. फ्यूज असेल तर काढून ठेवा. पाणी गॅसवर तापवा.

झिणझिण्या जाणवतात त्या साधारण एखाद्या मिलिअँपिअरला. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेला नळ सोडवत नाही. तीसच्या पुढचा करंट छातीतून थोडा वेळ जरी वाहिला तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एकपासून तीसपर्यंतचं अंतर भरून निघायला फार काही लागत नाही. अंगावर साबण, पाय ओल्या फरशीवर आणि एलिमेंटची चीर थोडी वाढलेली, एवढं पुरतं. पायात रबरी चपला घालून अंघोळ करणारी घरं मी पाहिली आहेत. तो उपाय नव्हे, दुखणं लपवणं आहे.

या झिणझिण्या तीन ठिकाणांहून येऊ शकतात, आणि तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत.

पहिलं ठिकाण गिझरचं एलिमेंट. धातूच्या नळीत तापणारी तार असते आणि मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. बोअरच्या जड पाण्याने नळीवर क्षार बसतात, नळी जास्त तापते, तिला बारीक चीर जाते आणि पाणी आत शिरतं. मग करंट पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यावर येतो. अर्थिंग चांगलं असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर तुमच्यातून जातो.

दुसरं ठिकाण सॉकेटच्या आत असतं आणि ते एका वाईट सवयीतून येतं. घरात अर्थिंगची तार नसली की काही वायरमन न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या तारेच्या) टर्मिनलवरून एक छोटा तुकडा अर्थच्या टर्मिनलला मारतात. टेस्ट लॅम्प लावला की तो छान पेटतो, ग्राहक खूश. पण पुढे न्यूट्रल कुठे ढिला झाला किंवा तुटला, की गिझरच्या बॉडीवर एलिमेंटमार्गे थेट फेज येतो. त्या वेळी गिझरमध्ये काहीही बिघाड नसतो. सॉकेट उघडल्यावर असा जंपर दिसला तर तो काढायचा, यावर चर्चा नको. काढल्यावर तिथे अर्थिंग उरणार नाही, म्हणून खरी अर्थची तार आल्याशिवाय तो पॉइंट वापरायचाही नाही.

तिसरं ठिकाण बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. जुन्या इमारतींत सगळ्या फ्लॅटच्या अर्थच्या तारा मीटर रूममध्ये एका पट्टीला येतात आणि तिथून अर्थ पिटमध्ये, म्हणजे अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्यात, उतरतात. पट्टी गंजून तुटली, किंवा सोसायटीने फरसबंदी करताना पिट बुजवला, तर सगळ्यांच्या तारा एकमेकांना जोडलेल्या राहतात, फक्त जमिनीला नाहीत. मग तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाचा गिझर खराब झाला की तो करंट तुमच्याच हिरव्या तारेतून तुमच्या गिझरच्या बॉडीवर येतो. तुमचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की वीज तोडणारं उपकरण) इथे काही करू शकत नाही, कारण हा करंट त्याच्यातून जातच नाही.

पहिली दोन आणि तिसरं यांतला फरक ओळखायचा कसा? इलेक्ट्रिशियनला नळ आणि ओली फरशी यांच्यामधलं व्होल्टेज मीटरने मोजायला सांगा, आणि मग घराचा मेन स्विच बंद करून पुन्हा मोजायला सांगा. मेन बंद केल्यावर व्होल्टेज गेलं तर दोष घरात आहे. तसंच राहिलं तर तो बाहेरून येतोय, आणि ते काम सोसायटीचं आहे. मोजायचं मीटरनेच. हात लावून बघणं ही तपासणी नव्हे. मेन बंद करून पाहताना इन्व्हर्टरही बंद करायला विसरू नका.

आता दुकानदाराचं वाक्य. जुन्याच पॉइंटवर चालेल, हे २ किलोवॉटच्या जागी २ किलोवॉट घेणाऱ्याला सांगितलं असतं तर बहुतेक वेळा खरं ठरलं असतं. तुमच्या बाबतीत ते चुकीचं आहे, आणि कायदाही तेच म्हणतो. १९५६ च्या विद्युत नियमांत एक तरतूद होती, तीच पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत आली. तिचा मतलब असा: दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं यांची बदली, जिच्यामुळे मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, तेवढी सोडली तर ग्राहकाच्या जागेतलं बाकीचं विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचं. म्हणजे सारखाच गिझर लावणं ही बदली झाली. दोनचा साडेचार केला की क्षमता बदलली, आणि ते नवं वायरिंगचं काम झालं. प्लंबरने पाण्याची जोडणी जरूर करावी. कंपनीकडून बसवायला येणारा मुलगाही बहुधा गिझर टांगून, पाइप जोडून, प्लग खुपसून जातो. प्लगच्या मागे भिंतीत काय आहे ते बघणं त्याच्या कामात धरलेलंच नसतं.

भिंतीत काय असेल ते आकड्यांत बघू. २३० व्होल्टला २ किलोवॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॉटचा १३, आणि ४.५ किलोवॉटचा १९.६. गिझर म्हणजे शुद्ध रेझिस्टन्स. व्होल्टेज वाढलं की करंटही वाढतो, आणि वॉट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात. रात्री उशिरा किंवा पहाटे लाइनला २४५ व्होल्ट असतील, तर साडेचारचा गिझर जवळपास २१ अँपिअर ओढेल. आपल्या मोठ्या तीन पिनांच्या सॉकेटची क्षमता १६ अँपिअर आहे. विषय तिथेच संपतो: साडेचारचा गिझर १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवायचाच नाही. सोबत १६ अँपिअरचा प्लग मिळाला किंवा कुणी लावून दिला तरीही नाही. त्याला डीपी स्विचमधून (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) थेट टर्मिनल जोडणी हवी, किंवा तेवढ्या क्षमतेचा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट.

मग तार. विजेच्या मांडणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३६४. भिंतीतल्या पाइपमधून एकच सर्किट जात असेल, तार तांब्याची आणि पीव्हीसीची असेल आणि आसपास ३० अंश तापमान असेल, तर त्यातला तक्ता दीड एमएमच्या तारेला (एमएम म्हणजे इथे तारेच्या छेदाचे चौरस मिलिमीटर) १७.५ अँपिअर देतो, अडीचला २४, चारला ३२ आणि सहाला ४१. हे आकडे वाचून लोक लगेच हिशेब करतात की अडीचला २४ मिळतात आणि गिझर १९.६ चा आहे, म्हणजे जमलं. पण उन्हाळ्यात आपल्या भिंती ३० अंशांवर नसतात. ४० अंशांना याच आकड्यांना ०.८७ ने गुणायचं असतं. अडीच एमएम २१ वर येते. त्याच पाइपातून दुसरं सर्किट जात असेल, आणि जुन्या घरात ते जातंच, तर आणखी ०.८ ने गुणा. अडीच एमएम १७ च्याही खाली आली. तुमच्या २ किलोवॉटच्या पॉइंटला बहुधा दीड एमएमची तार असेल. तिचा असा हिशेब १२ अँपिअरवर उतरतो. जुन्या गिझरच्या पावणेनऊला ती पुरत होती, म्हणून इतकी वर्षं काही झालं नाही.

इमारत फारच जुनी असेल तर तार ॲल्युमिनियमची असू शकते. मग प्रश्न आणखी वाढतो. ॲल्युमिनियम टर्मिनलमध्ये दबतं, स्क्रू ढिला होतो आणि जोड तापतो. तांब्याच्या तुकड्याशी पीळ देऊन त्यावर टेप गुंडाळण्याचा प्रकार तर करूच नका. तिथे नवी तार ओढणं हाच मार्ग.

"पण एमसीबी आहे ना, जास्त झालं तर पडेल की." हे मी रोज ऐकतो. एमसीबी कसा चालतो ते नीट समजून घ्या, कारण घोटाळा इथेच होतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या पुढे गेल्या गेल्या पडत नाही. मानकाप्रमाणे १.१३ पटीला, म्हणजे १८ अँपिअरला, तो तासभर पडता कामा नये. १.४५ पटीला, म्हणजे २३.२ अँपिअरला, त्याने तासाभराच्या आत पडायला हवं. तुमचा १९.६ या दोन्हींच्या मध्ये बसतो. अंघोळीला गिझर दहा मिनिटं चालतो, मग दुसरा माणूस, आणखी दहा मिनिटं. एमसीबी बहुतेक कधीच पडणार नाही. दीड एमएमची तार मात्र रोज सकाळी क्षमतेच्या दीडपट चालेल, तिचं पीव्हीसी कडक होत जाईल, आणि एक दिवस पाइपच्या वळणावर तडकेल. यात भर म्हणून कुणीतरी "पडतो सारखा" म्हणून १६ काढून ३२ चा एमसीबी लावतो. एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतो, गिझरला नाही, माणसाला तर नाहीच. त्याचा आकडा तार बघून ठरवायचा असतो. किटकॅट फ्यूज असेल तर त्यात कुणी किती जाड तार घातली आहे ते एकदा काढून बघा. हसू येईल किंवा घाम फुटेल.

माझा सल्ला विचाराल तर आधी साडेचार खरंच लागतो का ते तपासा. १५ लिटरची बादली २० अंशांनी गरम करायला ३ किलोवॉटला सुमारे ७ मिनिटं लागतात, ४.५ किलोवॉटला पावणेपाच. बादलीने अंघोळ करणाऱ्यांना फरक पडतो तो एवढाच, सव्वादोन मिनिटांचा. शॉवर असेल तर गोष्ट वेगळी. मिनिटाला २ लिटर पाणी सोडलं तर ३ किलोवॉट त्याला २१ अंश चढवतो आणि ४.५ किलोवॉट ३२ अंश. थंडीत टाकीचं पाणी १५ अंशांवर येणाऱ्या गावात शॉवरखाली उभं राहायचं असेल तर साडेचारला अर्थ आहे. मिनिटाला दोन लिटर म्हणजे शॉवरची धारही बारीकच, हेही ध्यानात ठेवा. बाकीच्यांनी ३ किलोवॉट घ्यावा आणि उरलेले पैसे तार, अर्थिंग आणि आरसीसीबीवर घालावेत. आणि शॉवरचीच हौस असेल, वायरिंग बदलायचं नसेल, तर २ किलोवॉटचाच २५ लिटरचा स्टोरेज गिझर घ्या. पाणी आधी तापवून ठेवणारा गिझर वायरिंगवर कमी ताण टाकतो.

३ किलोवॉट घेतलात तर: गिझरसाठी वितरण पेटीतून स्वतंत्र सर्किट, तार किमान अडीच एमएम तांब्याची आणि आयएसआय मार्क असलेली, १६ अँपिअरचा एमसीबी, आणि चांगल्या प्रतीचं १६ अँपिअरचं सॉकेट. साडेचार घेतलात तर: तार चार एमएम, एमसीबी २५ चा, ३२ अँपिअरचा डीपी स्विच, सॉकेट नाही. अर्थची तार दोन्हीकडे फेजच्याच जाडीची. चार एमएमच्या फेजबरोबर एक एमएमची हिरवी तार ओढलेली दिसते, ती चालणार नाही. आणि साडेचारसाठी महावितरणचा मंजूर भार आणि मीटरची क्षमता बघा. एक फेजच्या जोडणीत ५-३० अँपिअरचं मीटर असेल, आणि गिझर, एसी आणि इंडक्शन शेगडी एकाच वेळी चालणार असेल, तर आधी भार वाढवून घ्यावा लागेल.

अर्थिंग आणि आरसीसीबी या जोडीवर थोडा वेळ काढतो, कारण "आमच्याकडे अर्थिंग आहे" असं म्हणणाऱ्यांना अर्थिंगने काय होतं आणि काय होत नाही हे सहसा माहीत नसतं.

समजा तुमच्या इमारतीला स्वतःचा अर्थ पिट आहे आणि त्याचा रेझिस्टन्स १० ओहम आहे. उन्हाळ्यात पाणी न घातलेल्या पिटचा तो सहज तेवढा येतो. गिझरच्या आत फेजची तार सुटून बॉडीला टेकली. जमिनीत किती करंट जाईल? २३० भागिले १०, म्हणजे फार तर २३ अँपिअर. आत्ताच पाहिलं की १६ च्या एमसीबीला २३ अँपिअरला पडायला तासभर लागू शकतो. सी प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडण्यासाठी पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोन्ही चांगले आहेत, आणि तरी गिझरची बॉडी दोनशेच्या आसपास व्होल्ट घेऊन उभी आहे. ही पोकळी आरसीसीबी भरतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत तोलत असतो. फरक ३० मिलिअँपिअर झाला की त्याने ३०० मिलिसेकंदांच्या आत तोडायचं, आणि १५० मिलिअँपिअरला ४० मिलिसेकंदांच्या आत. १० काय, १०० ओहमचा पिट असला तरी दोन अँपिअर जातात, आणि आरसीसीबीला ते भरपूर झाले.

मग अर्थिंग नसलं आणि नुसता आरसीसीबी असला तर? आरसीसीबी काम करेल, पण तो केव्हा पडेल हे लक्षात घ्या. अर्थिंग असेल तर बिघाड झाल्या क्षणी पडेल, तुम्ही बाथरूममध्ये नसताना. अर्थिंग नसेल तर बिघडलेला गिझर गप्प बसून राहील आणि तुमच्या शरीरातून करंट जाईल तेव्हा पडेल. म्हणून दोन्ही हवेत. बाथरूमच्या सर्किटला १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नको. तो आगीपासून वाचवण्यासाठी असतो, माणसासाठी ३० च. आणि आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही, त्याच्यासोबत एमसीबी लागतोच.

जुन्या घरात संपूर्ण घरासाठी एक आरसीसीबी लावायला गेलात की तो लावल्या लावल्या पडत राहतो. कारण कुठेतरी दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र केलेले असतात, किंवा तो न्यूट्रल-अर्थचा जंपर लपलेला असतो. वायरमन वैतागतो आणि आरसीसीबी बायपास करून जातो. यावर तोडगा म्हणजे गिझरच्या सर्किटपुरता आरसीबीओ, ज्यात एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असतात. नवी फेज, नवा न्यूट्रल आणि नवी अर्थ थेट पेटीपासून ओढलेली असेल, तर बाकीच्या घराचा गोंधळ त्याच्या वाटेत येत नाही. घराचं बाकीचं वायरिंग सावकाश दुरुस्त करा, पण बाथरूम आज सुरक्षित करा.

आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबत जा. पण ते बटण अर्थिंग तपासत नाही. ते आतल्या आत एक छोटा करंट वळवतं आणि यंत्रणा हलते का ते बघतं. अर्थची तार कापलेली असली तरी बटण दाबल्यावर तो इमानदारीत पडेल. अर्थिंगची खरी तपासणी अर्थ टेस्टरने किंवा लूप टेस्टरने होते. फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटर धरून २३० दाखवले म्हणजे अर्थिंग झालं, असं नाही. मल्टिमीटर इतका कमी करंट घेतो की केसाएवढ्या एका धाग्यावर टिकलेली जोडणीही त्याला पुरेशी वाटते. निऑन टेस्टरचं तर नाव काढू नका. तो पेटला नाही म्हणून तारेला हात लावणारे वायरमन अजून आहेत, याचं मला आश्चर्य वाटतं.

जागेबद्दल. आयईसीच्या त्याच मानकाचा ७०१ हा भाग बाथरूमसाठी आहे. शॉवरला टब किंवा खोलगट ट्रे नसेल, म्हणजे आपल्याकडे असतो तसा, तर पाण्याच्या तोंडापासून आडवं १.२ मीटर आणि फरशीपासून वर २.२५ मीटर एवढा भाग धोक्याचा धरतात. त्यात स्विच नको, सॉकेट नको. गिझर चालतो, पण तो कायमचा बसवलेला आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असलेला, आयपीएक्स४ किंवा वरचा हवा. फ्लॅटमधल्या चिंचोळ्या बाथरूममध्ये टेप लावून बघा. बहुतेक सगळी खोलीच त्या १.२ मीटरमध्ये येते. त्यामुळे स्विच दाराबाहेर, आणि सॉकेट असलंच तर २.२५ मीटरच्या वर, शॉवरच्या धारेपासून लांबच्या भिंतीवर. ओल्या हाताने बाथरूममधल्या स्विचवर जाण्याची सोय मुळात ठेवूच नये.

दाराबाहेरचा स्विच डीपी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, का हवा हेही सांगतो. साधा स्विच एकच तार तोडतो. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे झालेले असतात आणि मग स्विच न्यूट्रल तोडत बसतो. गिझर थंड असतो, दिवा विझलेला असतो, एलिमेंटवर मात्र पूर्ण २३० व्होल्ट. "आधी बादली भरायची, गिझर बंद करायचा, मगच अंघोळ" हा घरोघरचा नियम अशा वेळी फसतो. सॉकेट असेल तर पोलॅरिटी मोजून घ्या: अर्थचं मोठं भोक वर धरून समोरून पाहिलं तर फेज उजवीकडे हवा.

जुने लोखंडी पाइप असतील तर ते अर्थला जोडून घ्या, म्हणजे नळ, पाइप आणि गिझर यांच्यात व्होल्टेजचा फरक राहणार नाही. सगळे पाइप प्लॅस्टिकचे असतील तर त्याची गरज नाही. अर्धे लोखंडी आणि अर्धे प्लॅस्टिकचे, अशी खिचडी असेल तर इलेक्ट्रिशियनला मुद्दाम दाखवा. मध्येच सुटा राहिलेला लोखंडी तुकडा आणि त्याला लावलेला नळ हे झिणझिण्यांचं जुनं कारण आहे.

प्रत्यक्ष बसवायच्या दिवशी. आधी एमसीबी पाडून त्यावर टेप आणि "काम चालू" अशी चिठ्ठी. मीटर आधी चालू सॉकेटवर तपासायचा, मग बंद केलेल्या पॉइंटवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. दोन्ही बाजूंना चालला तरच मधला शून्य खरा. जुना प्लग काढल्यावर त्याच्या पिना बघा. एक पीन तपकिरी झालेली असेल आणि सॉकेटच्या त्या भोकाभोवती पिवळट डाग असेल, तर तिथला स्प्रिंग सैल झालाय. त्या सॉकेटवर ३ किलोवॉटचा गिझरही लावू नका. वायरच्या टोकांना लग किंवा फेरूल (धातूची छोटी टोपी) दाबून मगच टर्मिनलमध्ये घालायच्या. गिझरची कॉर्ड पुरत नाही म्हणून मध्ये टेपचा जोड किंवा एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. पॉइंटच गिझरजवळ आणा.

जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) नव्या वायरिंगचं इन्सुलेशन आणि एलिमेंट ते बॉडी, दोन्ही मोजून घ्या. किमान एक मेगाओहम हवा, चांगल्या नव्या कामात तो त्याच्या कितीतरी पट येतो. बरेच दिवस गोदामात पडलेल्या गिझरच्या एलिमेंटमध्ये ओल शिरलेली असते आणि आरसीसीबी पहिल्याच दिवशी पडू शकतो. मोजमाप असेल तर गिझर बदलून घेताना वाद होत नाही.

मग पाणी. वीज देण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून, हवा जाऊन सलग धार येईपर्यंत गिझर भरू द्या. रिकाम्या इन्स्टंट गिझरला वीज दिली की एलिमेंट पाहता पाहता जळतं, आणि ते वॉरंटीत धरत नाहीत. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात म्हणून कुणी त्याला बूच मारायला सांगितलं तर ऐकू नका.

सुरू केल्यावर पंधरा मिनिटं सलग चालवा. मग एमसीबी बंद करून प्लग, सॉकेट किंवा डीपी स्विच आणि पेटीतला एमसीबी यांना हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर स्क्रू पुन्हा आवळायचा आणि पुन्हा पंधरा मिनिटं. आठवड्याने स्क्रू एकदा परत आवळून घ्या, नवी तार टर्मिनलमध्ये थोडी बसते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थचा रेझिस्टन्स, इन्सुलेशन आणि आरसीबीओ किती मिलिसेकंदांत पडला हे तीन आकडे तारीख घालून लिहून घ्या आणि तो कागद पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढे कधी गिझर लावला की आरसीबीओ पडायला लागला, तर तो परत वर करून अंघोळ उरकू नका. एलिमेंट मोजायला बोलवा.

आणि मेन बंद करूनही नळावर व्होल्टेज राहत असेल, तर वरचं सगळं होईपर्यंत थांबू नका. आजच सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा आणि मीटर रूममधली अर्थची पट्टी उघडायला लावा. तुमच्या जिन्यातल्या प्रत्येक बाथरूमला तीच पट्टी जोडलेली आहे.